उभ्या गड्याची हार

शाहनवाजला बॉक्सिंगचा कोच होऊन सात महिने झाले होते आणि तेवढ्या काळात त्याच्या क्लासातली पोरं अकराची चार झाली होती. आता याला कुणाला प्रगती म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. एकजण दहावीचं वर्ष म्हणून गेला. दोघांना त्यांच्या बापांनी क्रिकेटला घातलं. एकीची आजी क्लासात आली, टांगलेल्या बॅगेकडं बघून म्हणाली, "पोरीच्या जातीनं नाक फोडून घ्यायचं व्हय?" आणि नातीला हाताला धरून घेऊन गेली. उरलेली तीन का गेली ते कुणी सांगितलंच नाही.

क्लास चालायचा जुन्नरच्या बाजारपेठेमागं, एका फर्निचरवाल्याच्या गोडाऊनात. फर्निचरवाला शाहनवाजच्या अब्बांच्या ओळखीचा. तेही गोडाऊन आता महिनाअखेर सोडायचं होतं, कारण त्या भल्या माणसाच्या पोरीचं लग्न ठरलं होतं आणि रुखवताचं सामान ठेवायला जागा नव्हती. त्याच्यावर राग तरी कसा धरायचा? अब्बा, म्हणजे दिलावरभाई, पत्र्याच्या पेट्या बनवायचे. ते या सगळ्यावर एकदाच बोलले होते. "पत्र्याला ठोकलं तर पेटी तरी होते, बेटा. पोरांना ठोकून काय होणार?"

शाहनवाजकडं उत्तर होतं, पण ते बापाला सांगण्यासारखं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी तो राज्य स्पर्धेला गेला होता तेव्हा त्याच्या कोपऱ्यात पाणी द्यायलासुद्धा कुणी नव्हतं. दोन राउंडच्या मधलं ते एक मिनिट तो स्टुलावर एकटा बसला होता, समोरच्याच्या कोपऱ्यात तीन माणसं वाकून बोलत होती, आणि याला वाटलं होतं की आत्ता कुणी नुसतं 'श्वास घे' म्हणालं असतं तरी पुरे झालं असतं. तो हरला. परत येताना एसटीत त्यानं ठरवलं की जुन्नरच्या पोरांच्या कोपऱ्यात आपण उभं राहायचं. एवढ्या एका गोष्टीसाठी त्यानं कोचिंगचा कोर्स केला, चाकणची कंपनी सोडली आणि घरात बोलणी खाल्ली.

चार पोरांत खरा हात होता पप्पूचा. चौदा वर्षांचा, उंच, काटकुळा, आणि डावा हात असा सुटायचा की बघत राहावं. शिकायला जुन्नरला मामाकडं असायचा. गाव त्याचं आंबेगाव तालुक्यात, अवसरी बुद्रुकच्या अलीकडं, टोमॅटो-कांद्याचं लहानसं गाव. त्याची आई शीला एकदा मुद्दाम क्लास बघायला आली होती. चपला दाराबाहेर काढून आत आली, सगळं बघितलं आणि एकच विचारलं, "सर, डोक्याला लागत नाय ना?"

"हेडगार्ड असतं ताई," शाहनवाज हसून म्हणाला होता.

आता, हेडगार्डनं कातडी फुटायची वाचते, आतला मेंदू हलायचा तो हलतोच, हे त्याला कोर्सात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पण हे सांगितलं असतं तर चाराची तीन झाली असती.

मार्च संपता संपता पप्पूच्या गावचे कुशाबा नाना भेटले. सत्तरीला आलेले जुने पैलवान, कान मोडलेले, यात्रेच्या कुस्त्यांचे पंच. गावात व्यायामशाळा बांधून आठ वर्षं झाली होती आणि आठही वर्षं तिला कुलूप होतं. चावी नानांच्या करदोट्याला.

"पाली सांभाळतोय आमी तितं," नाना म्हणाले. "तुमी यात्रंच्या फडात तुमची ती बॉक्सिंग एकडाव दाखवा. आमचाच पप्पू खेळवा. लोकांला पटलं, की चावी तुमची. पटलं न्हाई तर मग राव, मला गावाला काय सांगता येनार न्हाई."

शाहनवाजला त्या रात्री झोप लागली नाही. पक्कं छप्पर! लाईट, मोरी, आणि आजूबाजूला चार शाळांची पोरं! रोज मोटरसायकलनं जायचं म्हटलं तरी तो तयार होता. आळ्याला गोरख होता, मिलिटरीत बॉक्सिंग केलेला, त्याचा क्लास बरा चालायचा. त्याला फोन केला, तो पप्पूच्या वजनाचा पोरगा आणतो म्हणाला. पुण्याहून एक पंच यायलाही कबूल झाला. सगळं कसं नीट जुळून आलं होतं, आणि इथंच माणसानं सावध व्हावं.

यात्रेच्या दिवशी दुपारी तीन वाजता पंचाचा फोन आला, चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलोय, पाचच्या आत काही येत नाही. सव्वातीनला गोरख आला. त्याच्या गाडीतून जो पोरगा उतरला त्याला शाहनवाजनं वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"ठरलेलं पोरगं तापानं फणफणलंय," गोरख म्हणाला. "हा सूरज. सोळाचा आहे, तीन वर्षं खेळतोय. पण मी सांगितलंय त्याला, हात राखून मार. नुसतं दाखवायचंच आहे ना?"

"वजन किती याचं?"

"असंल पन्नासच्या पुढं," गोरखनं नजर दुसरीकडं वळवली. पप्पू शेहेचाळीस किलोचा होता.

शाहनवाज तडक नानांकडं गेला. "नाना, आधी वजन करू. कांद्याचा काटा असेल ना कुणाकडं? आणायला सांगा."

नानांनी ते भोवतालच्या दहाजणांना ऐकू जाईल असं परत म्हटलं, आणि मग काय विचारता! हशा पिकला. "पोरं हायती का कांद्याच्या गोण्या?" "बारकी गोळटी निघाली तर परत पाठवनार का वस्ताद?" नाना स्वतः हसले नाहीत, पण त्यांना लागलं होतं.

"पन्नास वर्सं जोड्या लावतोय मी," ते म्हणाले. "ह्यो डोळाच माजा काटा. कुनाची चुकीची जोड लावली म्हनून आजपातूर कुनी बोट दाखवलं न्हाई."

आणि त्यांनी दोन्ही पोरांची मनगटं धरून त्यांना पाठीला पाठ लावून उभं केलं, जसं फडात करतात. उंची सारखी. खांद्याला खांदा सारखा. नानांनी पब्लिककडं बघून विचारलं, "जोड तोलाची हाय का?" आणि हजार माणसं एका आवाजात म्हणाली, "हाय!"

कुस्तीला ठीक आहे ते, हो. मातीतली झट, एकानं दुसऱ्याला धरायचं, ओढायचं, त्यात दोन-चार किलो इकडं तिकडं चालून जातं. पण सूरजची मान, सूरजचे दंड, नाकावरचा बसलेला हाडाचा उंचवटा हे सगळं शाहनवाजला दिसत होतं. आत्ता नाही म्हणायचं, एवढंच काम होतं. दोन अक्षरी शब्द. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. मग त्याची नजर नानांच्या कमरेला गेली, सदऱ्याखाली चावी लोंबत होती, आणि त्यानं तोंड मिटलं.

मिटायला नको होतं. पण मिटलं, आणि नानांनी दोघांचे हात वर धरून हलगीच्या तालावर त्यांना फडातून एक फेरी मारली. ही फेरी झाली की तिकडचा माणूस माघार घेत नाही, घेतली तर पिढ्यान्‌पिढ्या नाव निघतं. पप्पू छाती काढून चालत होता. आपलं गाव, आपली माती, सगळे ओळखीचे. बायकांच्या बाजूला शीला पदर दातात धरून उभी होती.

रिंग म्हणजे कुस्तीची तांबडी मातीच. चार कोपऱ्यांना टोमॅटोच्या मांडवाचे बांबू रोवून नायलॉनचा दोर ओढला होता. पंच नव्हता, म्हणून कुशाबा नानाच मध्ये उभे राहिले. शाहनवाजनं त्यांना घाईघाईत सांगितलं, कमरेखाली मारायचं नाही, मिठी मारली की सोडवायचं, शिट्टी झाली की थांबायचं. नाना मान डोलवत होते. पोरगं हेलपाटलं की लढत थांबवायची आणि आठ आकडे मोजायचे, हे सांगायचं राहिलं. सांगेपर्यंत हलगी सुरू झाली होती.

पहिला राउंड पप्पूचा झाला. खरंच झाला! डावा हात जायचा, सूरजच्या कपाळाला लागून परत यायचा, आणि सूरज जवळ येईतो पप्पू तिथं नसायचा. शाहनवाज कोपऱ्यात गुडघ्यावर बसून ओठातल्या ओठात पोराबरोबर ठोसे मोजत होता. लोकांना मात्र ते काही पटत नव्हतं. "आरं, बोटं काय लावतोय, हान की!" "पप्प्या, आई बघतीया, दे एक!" शिट्टी झाली. पप्पू कोपऱ्यात आला, धापा टाकत होता, डोळे चमकत होते.

"सर, येतंय! मला येतंय!"

"श्वास घे," शाहनवाज म्हणाला. "लांबून खेळ. त्यांचं ऐकू नको."

पण चौदा वर्षांचं पोर, सगळा गाव ओरडतोय, ते कुठून ऐकणार? दुसऱ्या राउंडला पप्पू सरळ आत घुसला. सूरजच्या नाकावर एक बसली. त्याला आपल्या कोचचं हात राखून मारायचं बोलणं आठवत असेल तर ते तिथंच संपलं. त्यानं उजवा हात फिरवला आणि तो पप्पूच्या कानशिलावर आला.

आवाज मोठा झाला नाही. पप्पू पडलाही नाही. दोन पावलं बाजूला गेला, चालत्या एसटीत उभा असलेला माणूस जातो तसा, आणि परत हात वर करून उभा राहिला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पण शाहनवाजनं त्याचे डोळे पाहिले. डोळे सूरजकडं नव्हते. ते कुणाकडंच नव्हते.

टॉवेल त्याच्या हातातच होता. फेकायचा, म्हणजे हार मानली, संपलं. हे लिहायला सोपं आहे. त्यानं लगेच फेकला नाही. एक, दोन, तीन, तो मनातल्या मनात म्हणाला, सावरेल, आत्ता सावरेल, वीस सेकंद राहिलीत, उभं राहून राउंड काढला तरी लोकांना पटेल. हो, लोकांना पटेल, हे त्याच्या मनात आलं. तेवढ्यात सूरजचे आणखी दोन बसले. शाहनवाजला स्वतःची अशी किळस आली की हात आपोआप सुटला.

टॉवेल दोरावरून जाऊन मातीत पडला.

आणि फडात एकच कल्ला झाला! कारण त्या मातीत आजवर जे काही भिरकावलं गेलं होतं ते आनंदानंच. टोप्या, फेटे, उपरणी. वस्तादानं खूश होऊन टॉवेल उडवला म्हटल्यावर लोक का मागं राहतील? दहा टोप्या वर गेल्या, चार टॉवेल आले. हलगीवाल्यानं ताल वाढवला. नानांनी वाकून शाहनवाजचा टॉवेल उचलला, माती झटकली, आपल्या खांद्यावर टाकला आणि पोरांना हात केला, "चालू द्या!"

"थांबवा!" शाहनवाज ओरडला. "नाना, थांबवा!"

पलीकडं गोरखनं टॉवेल ओळखला होता. तोही ओरडत होता, "सूरज, बस! बस कर!" पण हलगीपुढं कुणाचं काय ऐकू येणार! राउंडची वेळ बघून शिट्टी मारायचं काम ज्याच्याकडं होतं तो पोरगा तोंड उघडं टाकून लढत बघत होता. शाहनवाज दोराखालून वाकला तर यात्रेच्या दोन स्वयंसेवकांनी त्याला दंडाला धरून मागं ओढला.

"वस्तादानं आत जायाचं न्हाई, भाऊ."

"अरे मरंल ते पोरगं! नाना! हरला तो! मी हार मानली, हरला!"

नानांना आता ऐकू गेलं. त्यांनी वळून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खरोखरचं आश्चर्य होतं.

"हरला?" ते म्हणाले. "पोरगं उभं हाय की वस्ताद. पाठ कुठं लागलीया त्याची? उभ्या गड्याला मी हरला म्हनू? एवढा अपमान करू त्याचा?"

म्हातारा लबाड नव्हता. पप्पूला मान देत होता तो. आयुष्यभर त्यानं एकच निकाल पाहिला होता, दोन्ही खांदे मातीला. त्याच्या लेखी जो उभा आहे तो अजून लढतो आहे. आणि पप्पू उभा होता. हात छातीपर्यंत खाली आलेले, तोंडातलं गमशील्ड अर्धं बाहेर, आणि तरी उभा. पडला असता तर वाचला असता. पडत नव्हता.

शाहनवाजनं एका स्वयंसेवकाच्या हाताला कडकडून चावा घेतला. होय, चावा. तो ओरडून मागं सरला, दुसऱ्याची पकड सैल झाली, तसा शाहनवाज दोराखालून आत गेला. सूरजचा एक हात त्याच्या पाठीत बसला, तो त्याला कळलाही नाही. त्यानं पप्पूला मागून काखेत धरलं. पोराचं अंग तापलेलं, घामानं निसटतं, आणि त्या अर्धवट शुद्धीतसुद्धा ते त्याच्याशी झटायला लागलं, कोपर मारायला लागलं. शाहनवाजनं त्याच्या पायात पाय घातला, खाली बसला, डोकं आपल्या तळहातावर धरलं आणि आपल्या शिष्याला मातीत उताणा पाडला. मग गुडघ्यावर येऊन दोन्ही हातांनी त्याचे दोन्ही खांदे जमिनीला दाबून धरले.

"लागली!" तो ओरडला. आवाज फाटला होता. "नाना, बघा, पाठ लागली! दोन्ही खांदे! बघा की! आता तरी हरला म्हणा!"

हलगी थांबली. नानांनी त्या दोघांकडं बघितलं. मग, पन्नास वर्षांची सवय ती, ते वाकले, पप्पूच्या खांद्याखाली बोटं सारून बघितली, उभे राहिले आणि सूरजचा हात वर केला. टाळी एकसुद्धा पडली नाही. सूरज रडत होता.

"आपल्याच पोराला पाडलं," मागून कुणीतरी म्हणालं. "काय वस्ताद हाय का कोन!"

त्या फडात आजवर बाईमाणसानं पाय ठेवला नव्हता. शीला माणसं ढकलत आली, दोर वर करून आत शिरली आणि पोराचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. तिनं शाहनवाजला काही विचारलं नाही. त्यानंच सांगितलं.

"ताई, डोक्याला लागतं. हेडगार्ड असलं तरी लागतं. मला माहीत होतं."

तिनं त्याच्याकडं बघितलं. "उचला आदी," ती म्हणाली.

गोरखच्या गाडीत मागच्या सीटवर पप्पूला आडवा केला. डोकं आईच्या मांडीवर, पाय शाहनवाजच्या. मंचरच्या दवाखान्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता, पण यात्रेच्या गर्दीतून गाडी निघता निघेना. गोरख हॉर्न वाजवत होता आणि शिव्या घालत होता, बहुतेक स्वतःलाच. पप्पूचे डोळे अर्धे मिटलेले. एकदा त्याला उलटी झाली, शीलानं पदरानं पुसली.

"पप्पू, झोपायचं नाही. पप्पू! आज वार कोणता?"

उत्तर नाही.

"मामाचं नाव काय तुझ्या? मी कोण? पप्पू, मी कोण आहे?"

काही नाही. शाहनवाजचे दात वाजायला लागले. भर एप्रिलची दुपार, गाडीत भट्टी झालेली, आणि त्याचे दात वाजत होते. व्यायामशाळा, गोडाऊन, कोर्स, अब्बा, काही काही डोक्यात उरलं नव्हतं. या पोरानं एक शब्द बोलावा, धड एक शब्द. त्यापलीकडं त्याला या जगाकडून काहीही नको होतं. तो मोठ्यानं दुवा मागायला लागला. शीला मोठ्यानं गावच्या देवाचं नाव घेत होती. गाडी हायवेला लागली.

"पाडलं," पप्पू म्हणाला.

शाहनवाज वाकला. "काय? काय म्हणालास?"

पप्पूनं डोळे उघडले. एक डोळा सुजत आला होता. दुसरा मात्र थेट त्याच्यावर होता, आणि त्यात इतका राग होता की पाहवत नव्हतं.

"मी पडलो नव्हतो. तुमी पाडलं मला. सगळ्या गावाम्होरं."

"परत म्हण."

"तुमी पाडलं. मी उभा व्हतो. सर, मी उभा व्हतो!" पोराचा ओठ थरथरला. "मी तुमच्या क्लासला परत येनार नाय."

"नको येऊस. परत म्हण, पप्पू. काय केलं मी?"

पोरानं तोंड फिरवलं, डोळा मिटायला लागला. तेव्हा शीला खाली वाकली. तिनं त्याचा गाल थोपटला, शाहनवाजकडं बोट केलं आणि म्हणाली, "बोल बाळा. सरांला आनखी बोल. गप बसू नगंस."

आणि मंचर येईपर्यंत तो बोलत राहिला. तुमी पाडलं, तुमी हरवलं, तुमी मोडलं. थांबला की शाहनवाज परत विचारायचा, काय केलं मी, आणि पप्पू दरवेळी जास्त चिडून, जास्त स्पष्ट सांगायचा.